‘शब्द शोधतो’ एवढं पुरत नाही

मी भाषांतर करते. कथा-कादंबऱ्यांचं नाही; पंप, कॉम्प्रेसर, दाबमापक यांच्या खोक्यात जी पुस्तिका येते आणि जी कोणी उघडत नाही, तिचं. या कामात शैली वगैरे दाखवायला वाव नसतो. एकच पथ्य सांभाळायचं: पान ४ वर ज्याला ‘झडप’ म्हटलं, त्याला पान ६१ वर ‘व्हाल्व’ म्हणायचं नाही. त्यासाठी १४ वर्षं मी एक परिभाषाकोश बाळगून आहे. आधी ती नुसती स्प्रेडशीट होती. मग भाच्याने एका सुट्टीत ती एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये घालून दिली आणि तिच्यावर चालणारे चार छोटे पायथन प्रोग्राम मी रडतखडत लिहिले. आज कोशात १८ हजारांवर नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीत मूळ शब्द, मराठी शब्द, विषय, ग्राहक, शेरा आणि ‘स्थिती’. स्थिती तीनच प्रकारची: ‘चालेल’, ‘नको’ आणि ‘वाद आहे’.

अलीकडे पहिला खर्डा एआय सहायकाकडून करून घेते. खर्डा बरा असतो, पण माझा कोश त्याच्या गावी नसतो. त्यामुळे रोजचा उद्योग ठरलेला. एका खिडकीत सहायक, दुसऱ्या खिडकीत माझा शोध-प्रोग्राम. इथला शब्द उचलायचा, तिथे टाकायचा, तिथलं उत्तर आणून इथे चिकटवायचं. कधी वैतागून कोशाचा चारशे ओळींचा तुकडाच संभाषणात ओतायचा. मग काही पानं सगळं सुरळीत, आणि त्यानंतर ये रे माझ्या मागल्या.

भाचा एकदा मागे उभा राहून हे बघत होता. म्हणाला, “मावशी, तू मधल्यामधे हमाली का करतेयस? त्यालाच कोशाला विचारू दे की.”

“कसं विचारणार?”

“एमसीपी सर्व्हर लिही. तुझे प्रोग्राम आहेतच, वर एक पापुद्रा चढवायचाय फक्त.”

सर्व्हर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर गार खोलीतली लुकलुकणारी कपाटं आली. तो शब्दच फसवा आहे, आणि पुढे ‘लोकल’ या शब्दानेही मला असंच फसवलं, त्याबद्दल नंतर. इथला सर्व्हर म्हणजे माझ्याच मशीनवर चालणारा शे-दीडशे ओळींचा प्रोग्राम. सहायकाचं ॲप उघडलं की ते हा प्रोग्राम स्वतः सुरू करतं, त्याच्या इनपुटमध्ये प्रश्न लिहितं आणि आउटपुटमधून उत्तर वाचतं. ॲप बंद, प्रोग्राम बंद. नेटवर्क नाही, पोर्ट नाही. एवढ्याशा गोष्टीला सर्व्हर म्हणणं म्हणजे जरा जास्तच मान देणं आहे, पण परिभाषा माझ्या हातात नाही. (असती तर ‘होस्ट’ला मी ‘यजमान’ म्हटलं असतं. या प्रोटोकॉलमध्ये सहायकाचं ॲप हा यजमान, त्याच्या पोटात एकेका सर्व्हरसाठी एकेक क्लायंट, म्हणजे त्या सर्व्हरशी बोलणारा भाग.)

एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल: सहायकाने बाहेरच्या टूलांशी, म्हणजे त्याला वापरायला दिलेल्या प्रोग्रामांशी, कसं बोलायचं याचे ठरलेले नियम. अँथ्रोपिक या एआय कंपनीने तो २५ नोव्हेंबर २०२४ ला जाहीर केला, तोही खुला ठेवून. पुढच्या मार्चमध्ये ओपनएआयने आणि एप्रिलमध्ये गूगलने तो उचलला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तो खुल्या सॉफ्टवेअरचे प्रकल्प सांभाळणाऱ्या लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला. कल्पना नवी नाही. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने कोड एडिटरांसाठी लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल आणला होता, त्याच कल्पनेची ही पुढची पिढी. पाच सहायक आणि वीस टूलं असतील तर प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडणी करायला शंभर सांधे लागतात. सगळ्यांनी एकच बोली मान्य केली की पंचवीस पुरतात. भाषांतराच्या धंद्यात ही युक्ती जुनी आहे: फिनिश ते मराठी करणारा माणूस मिळत नाही, म्हणून मधे इंग्रजी ठेवायची.

पहिल्याच दिवशी मी लॉग, म्हणजे सगळ्या निरोपांची नोंदवही, उघडून बसले, कारण दोघं एकमेकांशी काय बोलतात ते मला बघायचं होतं. बोलणं जेसन-आरपीसीमध्ये (जेसन ही माहिती मजकुरात मांडायची ठरलेली पद्धत), एका ओळीत एक निरोप. मराठीत आणलं तर साधारण असं:

ॲप: मी प्रोटोकॉलची अमुक तारखेची आवृत्ती बोलतो. मला हे हे जमतं. तुझं काय?

सर्व्हर: मलाही तीच आवृत्ती येते. माझ्याकडे टूलं आहेत.

ॲप: ठीक, सुरू करू या. टूलांची यादी दे.

सर्व्हर: एकच आहे. नाव असं, वर्णन ‘शब्द शोधतो’, आणि त्याला एक अक्षरमाला, म्हणजे शोधायचा शब्द, लागते.

आवृत्त्यांना आकडे नसून तारखा आहेत हे मला आवडलं. पहिली आवृत्ती ५ नोव्हेंबर २०२४ ची. यादी दिली की तयारी संपते. मग मी सहायकाला एखादा परिच्छेद देते, तो वाचता वाचता त्याला वाटतं की इथे ते टूल कामाला येईल, आणि तो तसं लिहून काढतो: अमुक टूल, अमुक शब्द. इथे एक गोष्ट मला उशिरा कळली, ती आधी कळायला हवी होती. मॉडेल, म्हणजे सहायकाच्या आतलं मजकूर लिहिणारं यंत्र, स्वतः काहीही चालवत नाही. ते फक्त चिठ्ठी लिहितं. चिठ्ठी ॲप उचलतं, मला विचारतं, मी हो म्हटलं तर सर्व्हरकडे नेतं आणि आलेलं उत्तर संभाषणात चिकटवतं. मॉडेल ते वाचून पुढे लिहू लागतं. म्हणजे माझी हमाली ॲपकडे गेली, एवढाच फरक.

आणि मॉडेलला माझ्या टूलबद्दल काय माहीत असतं? नाव, वर्णन आणि कोणत्या गोष्टी भरून द्यायच्या त्याचा तक्ता. आतला कोड त्याला दिसत नाही, कोशही दिसत नाही. त्याच्यासाठी माझं वर्णन म्हणजेच टूल. हे पुढे मला फार महागात पडणार होतं.

पण त्याआधी नळजोडणीची रडगाणी. ती होतातच, म्हणून भराभर सांगते.

पहिलं: सर्व्हर सुरू झाला की लगेच मरायचा. लॉगमध्ये ‘जेसन वाचता येत नाही’ एवढंच. दोन तास गेल्यावर भाच्याला फोन.

“मावशी, प्रिंट ठेवलंयस का कुठे?”

ठेवलं होतं. प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत, ‘कोश उघडला’ असं. मी काळ्या खिडकीत बसून लिहिते तेव्हा असं काही दिसलं की बरं वाटतं. पण इथे आउटपुट ही बोलण्याची नळी आहे. तिच्यात जेसनखेरीज एक अक्षरही पडलं तर पलीकडचा गोंधळतो. गप्पा मारायच्या तर स्टँडर्ड एररवर, म्हणजे शेरे-चुकांसाठीच्या वेगळ्या नळीवर, मारायच्या. माझी एक लायब्ररीही परस्पर काहीतरी पुटपुटत होती, तिचंही तोंड बांधावं लागलं.

दुसऱ्या रडगाण्याने मात्र माझा जीव घशाशी आणला होता. सगळं जोडलं गेलं, टूल दिसू लागलं, मी ‘व्हाल्व’साठी विचारलं आणि सहायक शांतपणे म्हणाला, “कोशात या शब्दाची नोंद नाही.” पंपासाठी विचारलं. नोंद नाही. एकूण किती नोंदी आहेत? शून्य. चौदा वर्षं! मी खुर्चीतून उठले, पाणी प्यायले आणि मगच कोशाची फाइल शोधायला बसले. ती जागच्या जागी होती, पूर्ण वजनानिशी. झालं असं होतं की प्रोग्राममध्ये मी फाइलचं नुसतं नाव दिलं होतं, पूर्ण पत्ता नाही. मी स्वतः चालवते तेव्हा मी त्याच फोल्डरमध्ये असते. ॲप मात्र प्रोग्रामला भलत्याच फोल्डरमध्ये उभं करून सुरू करतं. तिथे ती फाइल नव्हती, आणि एसक्यूलाइटचा स्वभाव असा की फाइल नसेल तर तक्रार न करता नवी कोरी बनवायची. त्यात माझ्याच प्रोग्रामची ‘टेबल नसेल तर तयार कर’ ही ओळ. दोन टेबलं आणि शून्य नोंदी असलेला आवळाजावळा कोश भलतीकडे निपजला होता. आता कोशाचा पूर्ण पत्ता दिलाय, पायथनचाही पूर्ण पत्ता दिलाय, आणि कोश फक्त वाचण्यासाठी उघडते. त्या पद्धतीने उघडलं की फाइल न सापडल्यास एसक्यूलाइट नवी बनवत नाही, सरळ चूक दाखवतं. ते बरं.

तिसरं रडगाणं आपल्या लिपीचं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इंग्रजीत काम करणाऱ्यांना हे भोगावं लागत नाही.

माझं टूल उत्तर म्हणून नोंदींची जेसन यादी मजकुरात घालून पाठवत होतं. पायथनला जेसन बनवायला सांगितलं की तो सवयीने देवनागरीचं प्रत्येक चिन्ह फोडतो: उलटी तिरकी रेघ, एक यू आणि चार स्थानांचा सांकेतांक. ‘झडप’ची तीन चिन्हं, त्याची झाली १८. ‘परिभाषा’ची सात, त्याची ४२. जेसन वाचणारा प्रोग्राम हे पुन्हा जुळवून घेतो, पण इथे मजकुराच्या आत मजकूर होता. बाहेरचं वेष्टण ॲपने सोडवलं, आतलं तसंच मॉडेलपुढे गेलं. कमाल म्हणजे मॉडेल ते वाचायचं! पण मुळात सहापट पसारा, संभाषणातली जागा भराभर संपायची, आणि एकदा त्याने ‘गळती’चं ‘गलती’ करून ठेवलं. सांकेतांकात ळ आणि ल यांच्यात फक्त एका आकड्याचा फरक आहे. पंपाच्या पुस्तिकेत ‘गलती आढळल्यास पंप बंद करा’. पायथनला ‘फोडू नकोस’ असं सांगणारा एक पर्याय आहे. तो दिला, इनपुट-आउटपुट दोन्हींना यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) बजावलं आणि हा विषय संपला.

संपला असं वाटलं, इतकंच. आठवड्याने ‘पाऱ्याचा दाबमापक’ सापडेना. नोंद माझ्या डोळ्यांसमोर आहे, सहायकाने विचारलेला शब्दही समोर आहे, दोन्ही सारखे दिसतात आणि डेटाबेस म्हणतो नाही. गुन्हेगार तो अर्ध्या र चा आडवा फराटा. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सांकेतांकांच्या यादीत, तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. माझ्या जुन्या कळफलकाने दुसरी तऱ्हा घातली होती, सहायक पहिल्या तऱ्हेने लिहितो. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण केलं तरी या दोघांची गाठ पडत नाही. ते फक्त ‘र आणि सुटं टिंब’ यांचा एक ‘ऱ’ करतं. अदृश्य जोडकाकडे ढुंकूनही बघत नाही. शेवटी शोधाआधी दुसरीची पहिली करणारी एक ओळ मीच लिहिली, आणि कोशावरूनही तोच हात फिरवला. किती नोंदी बदलल्या? ६१२. म्हणजे इतकी वर्षं ६१२ नोंदी मला स्वतःलाही कधी सापडत होत्या, कधी नव्हत्या, आणि मी समजत होते की माझीच स्मरणशक्ती चाललीय.

आता मूळ विषय.

‘शब्द शोधतो’ हे वर्णन मी दहा सेकंदांत लिहिलं होतं. पहिला परिच्छेद दिला, आणि सहायकाने टूल ३४ वेळा वापरलं. प्रत्येक शब्दासाठी, अगदी ‘आणि’साठीसुद्धा! दर वेळी परवानगीची खिडकी. चूक त्याची नव्हती. शब्द शोधणारं टूल दिलं, त्याने शब्द शोधले.

मग दुसरं वर्णन: ‘तांत्रिक संज्ञांसाठी ठरलेला मराठी शब्द देतं. सामान्य शब्दांसाठी वापरू नये. एका वेळी २० संज्ञांपर्यंत यादी द्यावी.’ लगेच फरक पडला. एका परिच्छेदाला एकच विचारणा. पण आता ‘व्हाल्व’साठी तो ‘कपाट’ लिहू लागला. मी चाटच पडले. मग कोशात पाहिलं, तर खरंच तशी नोंद होती! फार पूर्वी एका ग्राहकाच्या जुन्या पुस्तिकेत तो शब्द होता, आणि मी तो ‘नको’ या स्थितीसह टिपून ठेवला होता, पुन्हा कोणी सुचवला तर लगेच नाकारता यावा म्हणून. माझ्या दृष्टीने ‘नको’ म्हणजे धोक्याची पाटी. सहायकाच्या दृष्टीने ती यादीतली पहिली नोंद, आणि शेवटच्या रकान्यात काहीतरी दोन अक्षरं.

त्या दिवशी मला माझ्या कोशाची एक गंमत कळली. त्यातलं अर्धं शहाणपण कोशात नव्हतंच, ते माझ्या डोक्यात होतं. ‘वाद आहे’ म्हणजे ग्राहकाला विचारल्याशिवाय वापरू नये. ग्राहकाचा रकाना रिकामा म्हणजे सर्वांना लागू, ‘माहीत नाही’ असं नव्हे. विषय ‘सामान्य’ म्हणजे सगळीकडे चालणारा, पण विषयाची खास नोंद असेल तर ती वरचढ. यातलं काहीही मी कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच पडली नव्हती, कारण वापरणारी मी एकटी.

तिसऱ्या वर्णनात हे सगळं आलं आणि ते दीड पानाचं झालं. तेही चुकलं. माझ्या ॲपमध्ये वर्णनं प्रत्येक संभाषणाच्या सुरुवातीलाच मॉडेलपुढे जातात, टूल वापरा अथवा न वापरा. दीड पान म्हणजे रोजचा भुर्दंड. शिवाय इतक्या सूचना दिल्या की महत्त्वाची सूचनाच गर्दीत हरवते. हे मला नवं असायला नको होतं. मी ज्या पुस्तिका भाषांतरित करते त्यांच्यात पहिली नऊ पानं इशाऱ्यांची असतात आणि म्हणूनच त्या कोणी वाचत नाही.

चौथ्या वेळी मी वर्णन सोडून टूलच बदललं. क्रम आता प्रोग्राम लावतो. उत्तरात ‘वापरा’ आणि ‘वापरू नका’ असे दोन कप्पे येतात. ‘वाद आहे’ असेल तर त्या नोंदीसोबतच ‘आधी विचारा’ ही ओळ येते. विषय मोकळा लिहू न देता सात नावांची बंद यादी दिली, कारण तो एकदा ‘यांत्रिक’, एकदा ‘यांत्रिकी’, एकदा ‘मेकॅनिकल’ भरायचा आणि तिन्हींना वेगळी उत्तरं मिळायची. शब्द सापडला नाही तर नुसतं रिकामं न पाठवता ‘कोशात नाही, स्वतः शब्द बनवलात तर खर्ड्यात चौकोनी कंसात ठेवा’ असं पाठवते. चुकांचे निरोपही बदलले. आधी ‘चूक १’, ‘चूक २’ असे होते. आता ‘विषय या सातांपैकीच हवा’ म्हणून ती सात नावं. असा निरोप मॉडेलपर्यंत पोचला की ते वाचून स्वतःच दुरुस्त करतं आणि पुन्हा विचारतं, मला मधे पडावं लागत नाही. वर्णन आता पाच ओळींचं आहे.

(टूलाचं नाव मला देवनागरीत ठेवायचं होतं. ॲपने घेतलं नाही. रोमन अक्षरं, आकडे, अधोरेषा अशी मोजकीच चिन्हं चालतात. वर्णन मात्र शुद्ध मराठीत आहे आणि ते त्याला नीट समजतं. नाव परकं, गुण मराठी.)

एवढं झाल्यावर मला चेव चढला. शोध झाला, तपासणी झाली, मग नोंद बदलायचंही एक टूल देऊन टाकू. नाव ठेवलं ‘सुधार’, अर्थात रोमनमध्ये. वर्णन: ‘कोशातली नोंद सुधारतं.’ इतका धडा मिळूनही पुन्हा तेच! आणि परवानगीच्या खिडक्यांना कंटाळून मी एका दुपारी ‘नेहमी परवानगी’वर टिचकी मारली होती.

एका ग्राहकाला ‘व्हॉल्व्ह’ चालत नाही, ‘व्हाल्व’च लागतं. त्याच्या आधीच्या सगळ्या पुस्तिका तशा छापलेल्या आहेत, त्यामुळे त्याचंही बरोबर. कोशात त्याच्या नावावर तशा नोंदी होत्या. मी सहायकाला म्हटलं, “या प्रकरणातल्या संज्ञा तपासून दे, काही चुकलं असेल तर बघ.” त्याने बघितलं. हातात ‘सुधार’ नावाचं टूल होतं. त्याने ४१ नोंदी सुधारल्या. शुद्धलेखनाच्या दृष्टीने बिनचूक. तीन दिवसांनी पुस्तिका ग्राहकाकडून परत आली, लाल रेघांनी सजून.

कोशाची रोजची प्रत राहते म्हणून वाचले. दोष कोणाला देणार? सुधारायचं टूल, सुधारण्याची परवानगी आणि ‘चुकलं असेल तर बघ’ हे मोघम वाक्य, तिन्ही माझंच. टूलावर ‘हे फक्त वाचतं’ किंवा ‘हे मोडतोड करू शकतं’ अशा खुणा लावायची सोय प्रोटोकॉलमध्ये आहे, पण त्या नुसत्या खुणा. सर्व्हर अनोळखी असेल तर त्यांवर विसंबू नये असं प्रोटोकॉल स्वतःच सांगतो. खरं कुलूप प्रोग्राममध्येच हवं. ‘सुधार’ काढून टाकलं. त्याजागी ‘सूचना’ आहे: ते एका वेगळ्या टेबलात प्रस्ताव लिहितं, मूळ कोशाला हात लावूच शकत नाही. संध्याकाळी मी प्रस्ताव बघते, पटलेले स्वतः कोशात घेते.

पुस्तिकांच्या फाइली वाचणारं टूलही असंच बांधून ठेवलंय. एकच फोल्डर मोकळा. आधी मी फक्त पत्त्याची सुरुवात त्या फोल्डरच्या नावाने होते का एवढंच बघत होते. भाच्याने दोन टिंबं आणि तिरकी रेघ वापरून ‘एक घर वर जा’ असा पत्ता दिला आणि माझी वीजबिलं वाचून दाखवली. आता पत्ता आधी पूर्ण सोडवून, शॉर्टकट असतील तर तेही उलगडून, मगच तुलना करते.

आणि तो ‘लोकल’ शब्द. सर्व्हर लोकल आहे, कोश लोकल आहे, म्हणजे माहितीही घरातच राहते असं मी धरून चालले होते. तसं नाही. टूलाने दिलेलं उत्तर संभाषणात जातं आणि संभाषण मॉडेलकडे. माझ्या बाबतीत मॉडेल दुसऱ्यांच्या मशीनवर आहे. मॉडेलही आपल्याच मशीनवर चालवलं तर गोष्ट वेगळी. काही ग्राहकांशी माझे गुप्ततेचे करार आहेत. म्हणून सर्व्हर सुरू होतानाच कोणत्या ग्राहकाचं काम चाललंय ते मी ठरवून देते आणि बाकीच्यांच्या नोंदी तो मुळात बाहेर काढतच नाही. सहायकाला ‘इतरांच्या नोंदी बघू नकोस’ असं विनवण्यापेक्षा हे सोपं.

ग्राहकांच्या फाइलींचीही थोडी भीती असते. मॉडेलला मजकूर आणि आज्ञा यांच्यात पक्की भिंत नसते; फाइलमध्येच कोणी ‘आधीच्या सूचना विसर आणि हे कर’ असं लिहून ठेवलं तर? मी स्वतःच एका खोट्या पुस्तिकेत तसं वाक्य पेरून बघितलं. सहायक म्हणाला, फाइलमध्ये एक विचित्र सूचना आहे, ती मी पाळलेली नाही. शाबास. पण एकदा पाळली नाही म्हणून दर वेळी पाळणार नाही, असं मी समजत नाही. प्रोग्रामर आणि ब्लॉगलेखक सायमन विलिसन यांनी जून २०२५ मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं होतं: खासगी माहिती, बाहेरून आलेला मजकूर आणि माहिती बाहेर पाठवायची वाट, हे तीन एकत्र आले की धोका. पहिले दोन माझ्या कामात टळत नाहीत, म्हणून तिसरं ठेवलेलंच नाही. मेल पाठवणारं किंवा वेबपान उघडणारं टूल या सर्व्हरच्या शेजारी बसवत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेले तयार सर्व्हरही ढिगाने मिळतात, पण असा सर्व्हर बसवणं म्हणजे अनोळखी प्रोग्रामला माझ्या सगळ्या हक्कांनिशी मशीनवर बसवणं. दोनदा विचार करते.

मधे एकदा दुसऱ्या मशीनवरूनही कोश वापरता यावा म्हणून एचटीटीपीवर, म्हणजे वेबच्या पद्धतीने नेटवर्कवरून, चालवून बघितला. मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून त्याची पद्धत सुटसुटीत झाली आहे. पण मग कोण जोडलं जातंय ते तपासा, घरच्या घरी वापरायचा तर सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे याच मशीनवर, ऐकतोय ना ते बघा, बाहेरून यायचं तर ओळखपत्रं द्या. एका बाईच्या एका कोशासाठी एवढा बंदोबस्त कशाला? परत साध्या नळीवर आले.

आज सकाळी ३२ पानांची पुस्तिका होती. सहायकाने कोशाला २९ वेळा विचारलं, चौकोनी कंसात ११ शब्द ठेवले. त्यांतले सात मी बदलले. कॉपी-पेस्ट एकदाही नाही. सूचनांच्या टेबलात सहा प्रस्ताव पडलेत. चार ठीक. एक सपशेल चुकीचा. सहावा ‘झडप’बद्दल: या नोंदीची स्थिती ‘वाद आहे’ अशी असून तिच्यावर २०१६ चा शेरा आहे, निर्णय झाला आहे का, असं तो विचारतोय. शेरा माझाच आहे. ‘विचारून सांगते.’ कोणाला विचारायचं होतं ते मला आता आठवत नाही.